धुतलेला चेहरा

दारावरची घंटा वाजली तेव्हा दारिंकाच्या हातात माशाचा थाळा होता. तो तिने इतक्या जोरात टेबलावर ठेवला की होणाऱ्या विहीणबाईंच्या पेल्यातली वाइन हिंदकळली. दारात कोण असणार हे त्या घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं, आणि सकाळपासून ती मनातल्या मनात विनवत होती, येऊ नको रे बाबा, आज नको येऊस.

संत निकोलाचा दिवस होता, घरची स्लावा. कुळाच्या संताच्या या सणाला कुणी कुणाला बोलावत नाही आणि आलेल्याला कुणी परत पाठवत नाही. उंबरठ्यावर गोड गव्हाचा एक चमचा तोंडात घातला की आला तो पाहुणा झाला. नवरा, न्यायाधीशसाहेब, गेल्यावरही दारिंकाने स्लावा मोडली नव्हती. यंदा तर नेनादचं, तिच्या मुलाचं, लग्न ठरलेलं आणि मुलीचे आईवडील नोवी सादहून पहिल्यांदाच घरी आलेले. वडील नावाजलेले सर्जन. दारिंकाची नणंद ओलिवेरा सकाळपासून त्यांच्या पुढेपुढे करत होती.

आणि दारात उभा होता मिलिसाव, सोंबोर गावातली निम्मी धुराडी साफ करणारा माणूस.

गावात त्याला सगळे ओळखत, पण काजळीने माखलेला असताना. काजळी धुतली की कपाळापासून गळ्यापर्यंत उतरलेला जांभळा, सुजलेला डाग दिसायचा. डाव्या बाजूचा ओठही त्या डागाने ओढून घेतला होता. पोरंसोरं भितात म्हणून मिलिसाव काम संपल्यावरही तोंड न धुताच घरी जायचा.

न्यायाधीशसाहेब गेल्यानंतरच्या एका हिवाळ्याच्या तोंडाशी काम आटोपल्यावर दारिंकाने त्याला साबण आणि टॉवेल दिला होता. त्यात दयामाया काही नव्हती. अशा माखलेल्या माणसाने आपल्या खुर्चीवर बसून कॉफी पिऊ नये, एवढाच हेतू. तो तोंड धुऊन वळला आणि तिने मान फिरवली.

"परत फासून येऊ का?" त्याने शांतपणे विचारलं. "लोकांना मी तसाच बरा वाटतो."

दारिंकाला हसू फुटलं. त्या स्वयंपाकघरात आपण शेवटचं कधी हसलो, हे तिला आठवेना. न्यायाधीशसाहेब दिसायला राजबिंडे होते. त्यांच्या हातात हात घालून बाजारातून जाताना बायका वळून बघत आणि दारिंकाला त्याचा तोरा होता. घरात मात्र ते तिच्याशी बोलायचे ते तिचं काही चुकलं तरच. असा देखणा नवरा मिळाल्यावर आणखी काय मागायचं, असं तिची आई म्हणायची, आणि तीही स्वतःला तेच समजावत आली होती.

मिलिसाव मग दर गुरुवारी येऊ लागला, मागच्या दाराने, अंधार पडल्यावर. येताना तोंड धुऊन यायचा. कुणाच्या छपरावर करकोच्याने घरटं केलंय, कुणाच्या माळ्यावर सासऱ्याचा फोटो उलटा करून ठेवलाय, असलं काहीबाही सांगायचा. आणि मग विचारायचा, तू काय केलंस आज? विचारून थांबायचा, उत्तर ऐकायला. एवढी साधी गोष्ट तिच्यासाठी जन्मात कुणी केली नव्हती. एकदा त्याला उशीर झाला आणि तो कामावरून तसाच आला, तर तिची चिडचिड झाली.

"आधी तोंड धुऊन ये," ती म्हणाली. "मला तू दिसतच नाहीस."

तो नळापाशी बराच वेळ उभा राहिला. पाणी बंद केल्यावरही वळला नाही. पन्नाशी उलटल्यावर आपण प्रेमात पडलोय, हे दारिंकाला त्या संध्याकाळी कळलं आणि ती मनापासून सुखावली. चार भिंतींच्या आत सुखावायला धैर्य लागत नाही.

पानगळीच्या दिवसांत त्याने भीतभीत विचारलं होतं, स्लावेला आलो तर चालेल का. "विचारतोस काय? स्लावेला कुणी बोलावतं का?" असं ती तोऱ्यात म्हणून गेली होती. पुढे नेनादचं ठरलं, सर्जनसाहेब येणार म्हणून कळलं. येऊ नको, असं सांगायला तिच्याकडे कितीतरी गुरुवार होते. तिने सांगितलं नाही. तो आपणहून समजून घेईल, असं ती धरून चालली.

त्याने ते समजून घेतलं नव्हतं. नवा गडद सूट, पाडलेला भांग, घोटून केलेली दाढी, हातात वाइनची बाटली. दिव्याच्या उजेडात डाग नेहमीपेक्षा जास्तच जांभळा दिसत होता.

"स्लावा सुखाची होवो," तो म्हणाला. हे वाक्य त्याने वाटेत घोकलं असावं.

दाराजवळच्या तिवईवर गव्हाचं भांडं होतं. दारिंकाचा हात चमच्याकडे गेला.

"कोण गं, वहिनी?" ओलिवेरा मागून आली आणि जागच्या जागी थबकली. टेबलापाशी सर्जनसाहेबांनी मान लांब केली. विहीणबाईंनी काटा खाली ठेवला. नेनाद तर त्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता.

दारिंकाने चमचा सोडून दिला.

"आपला धुराडेवाला, मिलिसाव," ती म्हणाली. "शेगडी धूर करतेय ना, म्हणून बोलावलं होतं."

कुणाला काहीच पटलं नाही. सर्जनसाहेबांनी हसत विचारलं, संत निकोलाच्या दिवशी तुमच्याकडे कामं करून घेतात की काय? घरच्या स्लावेला झाडूसुद्धा न लावणारी माणसं ती.

"चूक माझी," मिलिसाव म्हणाला. बाटली त्याने पाठीमागे नेली होती. "बाईसाहेबांनी उद्या बोलावलं होतं. माझा वार चुकला."

बाईसाहेब! गेल्या किती गुरुवारांत तो तिला असं म्हणाला नव्हता.

"हा काही मिलिसाव नव्हे," ओलिवेरा म्हणाली. "मिलिसावला मी चांगली ओळखते. आणि सुटाबुटात कोण धुराडी साफ करतं?"

मिलिसावने दारिंकाकडे पाहिलं. तिचं एक वाक्य पुरलं असतं, आणि ते तिला ठाऊक होतं. तो वाट बघत राहिला. मग बाटली भिंतीशी ठेवून धुराड्याच्या बुडाशी असलेल्या लोखंडी झडपेपाशी गुडघे टेकून बसला. झडप उघडून त्याने हात आत घातला आणि काजळीने भरलेली बोटं कपाळापासून गळ्यापर्यंत फिरवली, आधी एका गालावरून, मग दुसऱ्या. पांढरी कॉलर बरबटली. लबाडी दारिंकाची होती, ती खरी करून दाखवायचं काम त्याने अंगावर घेतलं.

"आता ओळखलंत?" त्याने विचारलं.

"अरे, हा तर आपला मिलिसाव!" ओलिवेरा म्हणाली, आणि सगळे खळखळून हसले. सुटल्यासारखं झालं सगळ्यांना. धुराडेवाला दिसला की अंगावरचं बटण धरायचं आणि मनात काहीतरी मागायचं, हे सोंबोरच काय, नोवी सादमध्येही सगळे करतात. सर्जनसाहेबांनी कोटाचं बटण धरलं, विहीणबाईंनी बाहीचं. नेनादने तर हसत डोळेही मिटले. ओलिवेराने आपलं बटण चिमटीत धरून वहिनीकडे पाहिलं.

दारिंकाचा हात गळ्यापाशी गेला. तिथल्या मोत्याच्या बटणावर तिची बोटं आवळली गेली आणि मागणं आपोआपच मनात आलं. हा आता जाऊ दे.

मिलिसावने तिच्या हाताकडे एकदाच पाहिलं. "येतो, बाईसाहेब," म्हणाला, बाटली उचलली आणि जिना उतरू लागला.

टेबलावर पुन्हा गप्पांना ऊत आला. धुराडेवाला स्वतःच्या पायांनी स्लावेला आला, म्हणजे लग्नाला शकुनच झाला, असं सर्जनसाहेबांचं मत पडलं. विहीणबाई उठून दारिंकाजवळ आल्या आणि लाडाने तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काय मागितलंत हो एवढं, अजून बटण सोडवेना? सांगू नका बरं. सांगितलं की फळत नाही."

खाली फाटक लागल्याचा आवाज दारिंकाने ऐकला होता. तिचं मागणं फळलं होतं.