मालकांच्या लेकीचा फोटो

मी एक जुनं लाकडी स्टूल आहे, फोटो स्टुडिओतलं. मित्रांनो, मी शांत स्वभावाचा म्हणून ओळखला जातो. पण आज मला खरोखर राग आला आहे, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

मला बनवून घेतलं ते स्थळाच्या फोटोंसाठी. लग्नाच्या मुली माझ्यावर बसत आणि त्यांच्या आया, मावश्या समोरून सूचना देत. "हनुवटी वर घे." "दात नको दाखवूस." "जरा गोरी येऊ द्या हो!" मुलीला कसं बसायचं आहे, हे तीस वर्षांत एकीनेही विचारलं नाही. माझं मात्र कौतुक व्हायचं. या स्टुलावर बसलेल्या मुलीचं वर्षाच्या आत जमतं म्हणे! मीही मूर्खासारखा फुगून बसायचो.

मग मालकांच्या लेकीची पाळी आली. कॅमेऱ्यात बघितलं की डोळे ताठ होतात, म्हणून मालक सगळ्यांना दिव्याकडे बघायला सांगत. दिवा धरायचा लाइटवाला. आठ वर्षं कामाला असलेला, मालक ज्याला घरचाच म्हणायचे असा. लेकीने दिव्याऐवजी त्याच्याकडेच पाहिलं. सहा फोटो निघाले, सहाही तसेच.

"हिचे डोळे तिरळे येताहेत," मालक आपल्या बहिणीला म्हणाले आणि लेकीला चक्क डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले! डॉक्टरांना काही दोष सापडला नाही. तरी मालकांनी तिला पुन्हा माझ्यावर बसवलं. शेवटी तीच बोलली.

"बाबा, माझे डोळे चांगले आहेत. मला याच्याशी लग्न करायचंय."

दिवा हलला. आत्या कडाडली, "त्याच्या घरची भाषा तरी येते का तुला?"

"शिकतेय. भांडण्यापुरती आलीय."

"देव वेगळा, ताट वेगळं. लोक काय म्हणतील?"

"चार दिवस बोलतील आत्या, मग आपापले फोटो काढायला इथेच येतील."

मालक लाइटवाल्याला एवढंच म्हणाले, "दिवा ठेव आणि चालता हो." आठ वर्षं घरचा असलेला माणूस एका वाक्यात परका झाला. संताप नाही होणार?

दोघांनी लग्न केलं आणि त्याच दुपारी स्टुडिओत आले. "बाबा, एक फोटो काढा ना," ती म्हणाली. मालकांनी कॅमेऱ्यावर कापड टाकलं. साऱ्या गावाची लग्नं टिपणाऱ्या या माणसाकडे पोटच्या पोरीच्या लग्नाचा एक फोटो नाही!

ती गेल्यावर ते माझ्यावर चढले आणि दर्शनी काचेतला तिचा लहानपणीचा फोटो उतरवला. वाटलं, कलंडावं आणि आपटावं यांना. पण वजन पेलणं हे माझं काम. मी पेललं.

आज त्याला दोन वर्षं झाली. दोन गल्ल्या सोडून त्या दोघांचा स्टुडिओ आहे, वरच घर. तिने दोनदा बोलावणं पाठवलं. मालक निरोप ऐकतात आणि दुपारभर माझ्यावर बसून रस्त्याकडे बघत राहतात.

मित्रांनो, मला पॉलिश नको, कौतुकही नको. तुम्ही कधी फोटोला आलात तर त्यांना एवढं सांगा, की तिचं घर सात मिनिटांवर आहे. मला चार पाय असून चालता येत नाही. त्यांना येतं, आणि ते बसून आहेत.