धाकटीचा फोटो

"ताई, माझ्या फोटोला काही करत बसू नकोस हं. आहे तसाच दे," धाकटी स्टुलावरून उठत म्हणाली.

करण्यासारखं होतं तरी काय? ताई अकरा वर्षं या स्टुडिओत लोकांचे चेहरे साफ करत होती. मुरुमं, व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं संगणकावर पुसून द्यायची. चेहरेपट्टी दोघी बहिणींची एकच, पण धाकटीच्या चेहऱ्यावर मात्र तिला कधी कामच सापडलं नव्हतं. आता हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या नोकरीसाठी हा मोठा फोटो हवा होता. नोकरी तिलाच मिळणार हे ताईला ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिचा जळफळाट चालला होता.

ताईला दुसऱ्या बाळंतपणात वांग आले. आधी दोन्ही गालांवर अगदी सारखे तपकिरी डाग, मग कपाळावर, मग वरच्या ओठावर. "खाज? आग?" डॉक्टरांनी विचारलं. काहीच नव्हतं. "मग घाबरू नका. उन्हापासून जपा, मलम लावा. हळूहळू फिके होतील, पण चिकाटी हवी." डाग हिवाळ्यात जरा मवाळ व्हायचे आणि उन्हाळ्यात पुन्हा उसळून यायचे. खाज सुटली असती तर निदान कुणी कीव तरी केली असती! इथे जो तो विचारायचा, "झोप नाही का झाली?"

मालक जेवायला गेले. ताईने पडद्यावर तपकिरी रंग निवडला आणि धाकटीच्या गालावर पहिला डाग काढला. मग दुसऱ्या गालावर तसाच. कडा कुठे तुटक, कुठे पसरट, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? कपाळ झालं, ओठ झाला.

"बस आता रिसेप्शनवर," ती पुटपुटली. जीव कसा गार झाला.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. उठता उठता तिने सवयीने फोटो 'तयार' या फोल्डरमध्ये टाकला. 'तयार'मधलं सगळं मालक डोळे झाकून छापायचे. ताईचं काम तपासायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. ती कॅमेरा आवरून आतून बाहेर आली तेव्हा जेवून परतलेले मालक म्हणाले, "तुझी बहीण पाकीट घेऊन गेली बघ."

ती तशीच माहेरी धावली.

आई खिडकीशी फोटो लांब धरून बघत होती. ताईला पाहताच म्हणाली, "अगं, किती वर्षांनी फोटो काढलास! आणि किती गोड आलीयेस!"

धाकटी दारात उभी होती. तिने ताईकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलेलं आहे हे ताईला कळलं.

"मीच म्हटलं तिला, आईसाठी एक काढ," धाकटी म्हणाली. "माझा राहिलाय अजून. उद्या देशील ना, ताई?"

ताईने कशीबशी मान हलवली. रूप तर हिचं होतंच, आता मनही हिचंच मोठं निघालं! आयुष्यात कधी नव्हता इतका तिला धाकटीचा हेवा वाटला.

आईने भिंतीवरची चौकट उतरवली. आतला धाकटीचा जुना फोटो काढून तिथे हा बसवला. धाकटीने खुर्ची ओढली आणि स्वतः वर चढून ती चौकट सरळ टांगली.