मेहुण्याचा डबा

माझ्या मेहुण्याने डबा दिला तो चार अटींवर. नवीन भोक पाडायचं नाही. रंग लावायचा नाही. सोल्डरिंगची गरम सळई डब्याच्या आसपासही आणायची नाही. आणि काम चालू असताना तो स्वतः समोर बसणार. पहिल्या तीन अटींबद्दल माझी तक्रार नव्हती. चौथी बायकोने माझ्या गळी उतरवली. शनिवारी सकाळी साडेनऊच्या ठोक्याला मेहुणा आमच्या जेवणाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "हं, जावईबापू, करा सुरुवात. मी काही बोलणार नाही." तिथेच माझं डोकं तापायला लागलं.

डबा म्हणजे मारामारीचे व्हिडिओ गेम खेळायचा लाकडी कंट्रोलर. डावीकडे गोल मुठीचा दांडा, उजवीकडे आठ बटणं, पूर्वी गेम पार्लरमधल्या उभ्या मशीनवर असायची तशी. असंच एक पार्लर बंद पडलं तेव्हा सासऱ्यांनी तिथला दांडा आणि बटणं घरी आणली, आणि मेहुण्याने वयाच्या सतराव्या वर्षी प्लायवुडचा डबा ठोकून सगळी जोडणी एकट्याने केली. ही गोष्ट आमचं लग्न ठरलं त्या दिवशी सासूबाईंनी मला सांगितली आणि त्यानंतर प्रत्येक भेटीत सांगितली. त्या सांगत असताना मेहुणा मान खाली घालून नुसता हसायचा. मला तो विनय वाटायचा.

आता डब्याची गरज होती माझ्या बायकोला. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते, छत्तीस वर्षांची आहे, आणि सुट्टीच्या दिवशी गेमिंग हॉलमध्ये जाऊन निम्म्या वयाच्या पोरांना लोळवते. यंदा पहिल्यांदाच ती शेवटच्या सोळांत आली होती. आधीच्या फेऱ्या हॉलमधल्या उभ्या मशीनवर झाल्या. रविवारच्या फेऱ्या मात्र दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर होत्या, कुठला वाट्याला येईल ते चिठ्ठी ठरवणार, आणि कंट्रोलर ज्याने त्याने आपला आणायचा. गेल्या वर्षी पहिलीच फेरी कन्सोलवर होती, तेव्हा ती आयोजकांचा हातात धरायचा छोटा कंट्रोलर घेऊन खेळली आणि चार मिनिटांत बाहेर पडली. "हातांना कुठे जायचं तेच कळेना," एवढंच म्हणाली आणि आठवडाभर घुम्यासारखी वावरली. तिच्या हातांना हा डबा कळतो. डब्याला मात्र एका जुनाट कन्सोलखेरीज काही कळत नव्हतं. संध्याकाळपर्यंत तो दोन्ही नव्या कन्सोलशी बोलायला लागला नाही, तर गेल्या वर्षीचीच चार मिनिटं पुन्हा, असा सगळा मामला होता.

मी फोटोकॉपीची मशीनं दुरुस्त करतो. बारीक स्क्रू आणि बारीक डोक्याची माणसं, दोन्हींची मला सवय आहे. मी एक तळहाताएवढा सर्किट बोर्ड मागवला होता. समोर कुठला कन्सोल आहे ते तो स्वतःच ओळखतो. त्याच्या कडेला स्क्रूची रांग असते. वायरचं उघडं टोक आत सारायचं, स्क्रू आवळायचा. दुसऱ्या टोकाला क्लिप असते, ती बटणाच्या पत्र्यावर दाबून बसवायची. सोल्डरचा एक थेंबही लागत नाही, आणि उद्या नको वाटलं तर सगळं काढून डबा होता तसा करता येतो.

"होता तसा म्हणजे अगदी होता तसा," न बोलणारा मेहुणा म्हणाला.

"हो, दादा."

"काढलेला प्रत्येक भाग पिशवीत ठेवायचा."

"ही बघा पिशवी."

"पिशवीवर लिहा काहीतरी. नंतर गोंधळ होतो."

मी पिशवीवर ‘पिशवी’ असं लिहिलं. मग तळाचे सहा स्क्रू काढले आणि झाकण उचललं. आत धुळीचा थर आणि वायरींचा एक जाडजूड जुडगा, त्यावर घट्ट काळी टेप. रंग इतके विटले होते की सगळ्या वायरी सारख्याच मळकट दिसत होत्या. डब्याची मांडणीही जगावेगळी होती. इतरांचं जे बटण वरच्या रांगेत असतं ते इथे अंगठ्याखाली. कुठलं बटण काय करतं हे मी बायकोला आदल्या दिवशी विचारलं होतं. ती म्हणाली, "सांगता नाही येणार, हाताला माहीत आहे." म्हणजे आहे तीच मांडणी जशीच्या तशी नव्या बोर्डवर न्यायची, आणि त्यासाठी एकही वायर काढण्याआधी सगळ्याचे फोटो घ्यायचे. मी तीन फोटो घेतले आणि गिऱ्हाइकाचा फोन आला. कागद अडकला होता. गच्चीत जाऊन मी त्या माणसाला कुठलं झाकण उघडायचं ते सांगितलं. सात मिनिटं लागली असतील.

परत आलो तर टेबलावर वायरींचा जुडगा, दोन्ही टोकांनी सुटा. क्लिपा निघालेल्या, दुसरी टोकंही निघालेली, जुना बोर्ड पिशवीत, आणि मेहुणा ओल्या फडक्याने डबा पुसत होता.

"तुमचं काम हलकं केलं," तो म्हणाला.

मी फोन काढून फोटो पाहिले. पहिला हललेला होता. दुसऱ्यात फक्त धूळ दिसत होती. तिसऱ्यात नेमकं बटणांच्या जागी मेहुण्याचं बोट होतं, कारण तो तेव्हा मला ‘हे नीट घ्या’ असं दाखवत होता.

"दादा, कुठली वायर कुठे होती?"

"मला काय माहीत?"

"तुम्हीच केली होती ना जोडणी!"

तो फडकं घडी करायला लागला. "खूप वर्षं झाली हो त्याला."

मला ओरडावंसं वाटलं. बायकोचा फोन लॅबमध्ये कपाटात असतो, दोनपर्यंत ती घरी येणार नव्हती, आणि आली तरी तिच्या हाताला जे माहीत होतं ते सांगायला हाताला तोंड नव्हतं. करण्यासारखं काहीच नव्हतं म्हणून मी त्या जुडग्यावरची काळी टेप खरवडायला घेतली. निदान वायरी मोकळ्या तरी होतील.

"ती टेप राहू द्या," मेहुणा म्हणाला.

"का?"

"अहो, राहू द्या ना. कशाला उगाच."

आता तर मी ती काढणारच होतो. टेप निघाली आणि आत प्रत्येक वायरीला जखमेवर लावतात त्या चिकटपट्टीची एकेक छोटी शेपटी दिसली. पट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या, पण पेनाचं अक्षर स्पष्ट होतं. एकीवर ‘बुक्की’. दुसरीवर ‘मोठी बुक्की’. ‘लाथ, अंगठा’. ‘मोठी लाथ, करंगळी पुरत नाही म्हणून इथे’. आणि खेळ थांबवायच्या बटणाच्या वायरीवर, ‘दादा बोलायला लागला की दाबायचं’.

हे अक्षर मी रोज पाहतो. आमच्या घरात प्रत्येक प्लगला चिकटपट्टी आहे. फ्रिजच्या प्लगवर लिहिलंय, ‘हा काढलास तर तुझंच दूध नासेल’. फ्यूजच्या पेटीत तर निबंध आहे. मी मेहुण्याचा हात पाहिला, मग डब्यावरची बटणं. त्याचा पंजा सुपाएवढा आहे. ती बटणं इतकी जवळजवळ होती की त्याची दोन बोटंही तिथे धड मावली नसती. डबा एका लहान हाताच्या मापाने बनवला होता.

मेहुण्याने फडक्याची घडी मोडून पुन्हा घातली. मग म्हणाला, "चहा टाकू का?" आणि आमच्याच स्वयंपाकघरात जाऊन साखरेचा डबा शोधायला लागला.

दोन वाजता बायको आली. टेबलावरच्या पट्ट्यांकडे तिने एकदा पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि हात धुवायला गेली. मी मागोमाग गेलो.

"हे सगळं तू केलंस?" मी आवाज दाबून विचारलं. "आणि तोच डबा त्याच्याकडून अटींवर मागून आणतेस?"

"हळू बोल."

"बावीस वर्षं! आणि मी त्या माणसापुढे पिशवीवर ‘पिशवी’ लिहितोय!"

तिने नळ बंद केला. "तो त्या महिन्यात नापास झाला होता. बाबा त्याच्याशी बोलत नव्हते. त्यांनी डबा पाहिला, ‘हे तू केलंस?’ म्हणून त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी दारातच उभी होते."

"मग सांगायचं की, मी केलं म्हणून!"

"तू त्याचा चेहरा पाहिला नाहीस. मी चौदा वर्षांची होते, पण मला कळलं. वाटलं, पुढच्या आठवड्यात सांगू. मग उशीर झाला, आणि दर वर्षी जास्तच होत गेला." तिने टॉवेल खुंटीला अडकवला. "मला राग येत नाही असं समजू नकोस. डबा मागायला फोन करते ना, तेव्हा दर वेळी येतो. पण तू मध्ये पडू नकोस. प्लीज."

मी पडलो नाही. जीभ चावून स्क्रू आवळत बसलो. मेहुणा टॉर्च धरून एकेक पट्टी वाचून दाखवत होता, खालच्या आवाजात, "लाथ... बुक्की..." आणि मी वायरी बसवत होतो. सगळं झाल्यावर, चाचणीसाठी मागून आणलेल्या दोन कन्सोलपैकी एकाला डबा लावला तर पहिली तीन बटणं चालू आणि पुढची सगळी मेलेली. मी कपाळावर हात मारला. बायको सोफ्यावर पाय पसरून पडली होती. तिथूनच, मान न वळवता म्हणाली, "काळी वायर सगळ्या बटणांमधून एकामागोमाग गेलीय. चौथ्यावरची क्लिप ढिली असेल. ती पहिल्यापासूनच वाकडी आहे, जरा दाबून बसव." मी दाबली. आठही बटणं जिवंत झाली. पहिला कन्सोल काढून दुसरा लावला, तिथेही सगळं चाललं. मेहुण्याने टॉर्च बंद केला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही आणि तिनेही त्याच्याकडे नाही.

रविवारी हॉलच्या दारात कंट्रोलर तपासायचं टेबल होतं. तिथल्या बाईंनी डबा उलटापालटा करून पाहिला आणि पुठ्ठ्याचं एक लेबल पुढे केलं. त्यावर दोन ओळी होत्या, मालक आणि जोडणी. "टोपणनाव चालेल," त्या म्हणाल्या. मी पेन घ्यायला हात पुढे केला तर मेहुण्याने माझ्या हातावरून आपला पंजा नेऊन ते उचललं.

"द्या इकडे. डबा माझा आहे."

बायकोने माझा पाय दाबला. मी छताकडे पाहत उभा राहिलो. त्या माणसाने सावकाश, एकेक अक्षर कोरत लेबल भरलं, दुहेरी गाठ मारून डब्याला बांधलं, गाठ ओढून पाहिली आणि वर मला ऐकवलं, "अशी गाठ मारायची, जावईबापू. सुटत नाही." आत शिरेपर्यंत मी मनात त्याला जे जे म्हणालो ते सगळं इथे लिहिता येणार नाही.

दहा मिनिटांनी तिचं नाव पुकारलं जाणार होतं. केबल लावायला तिने डबा उलटा केला, लेबल वर आलं आणि तिचा हात तिथेच थांबला. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. मालक, बुटकी. जोडणी, बुटकी, वय चौदा. तिला जगात एकच माणूस बुटकी म्हणतो. खाली, जिथे ओळच नव्हती, तिथे बारीक अक्षरात आणखी लिहिलं होतं, ‘स्क्रू दादाने आणून दिले’.

"दादा!" ती एवढ्या जोरात म्हणाली की शेजारच्या टेबलावरचे दोघे वळून पाहायला लागले. "आत्ता? बावीस वर्षं होती तुझ्याकडे, आणि तुला मॅचच्या आधीची दहा मिनिटं सापडली? बघ, डोळे भरलेत माझे. आता बटणं कशी दिसणार मला?"

मेहुण्याने खिशातून रुमाल काढून तिच्या हातात कोंबला. त्याचेही डोळे लाल झाले होते, पण आवाज नेहमीसारखाच हुकमी होता.

"तू कधी बटणं बघून खेळलीस गं? बस खाली."

तिने नाक पुसलं, डबा मांडीवर घेतला आणि बसली.