कडा न कापलेलं पुस्तक

फहमी उस्तादांच्या घरात माणसाला बसायला जागा नव्हती, पुस्तकं मात्र ऐसपैस बसली होती. कैरोच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला आणि दर गुरुवारी अझबकियाच्या पुस्तकबाजारातून एकतरी पुस्तक काखेत मारून आणलं. वाचलं का? छे! तेव्हा नव्या पुस्तकांची पानं कडेला जोडलेलीच यायची. वाचणाऱ्यानं ती सुरीनं कापत पुढे जायचं. यांच्या पुस्तकांना सुरी लागलीच नव्हती. हे आपले समोर बसायचे, कडांवरून बोट फिरवायचे, चहा प्यायचे आणि खुशीत हसायचे.

“पिशव्या भरभरून आणता, एकाचं तरी तोंड उघडा!” त्यांची बायको अनीसा करवादायची.

“वाट बघताहेत गं माझी. एवढी मंडळी ताटकळत ठेवून मरायचं तरी कसं?”

“जित्याची खोड!” अनीसा म्हणायची.

त्या उन्हाळ्यात उस्तादांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, वीस दिवस इस्पितळात काढले. अनीसाच्या जिवाला एकच घोर: आता हे सुरी धरणार कशी? वाचायचं राहूनच जाणार की! बाईनं कंबर कसली. भाजीची सुरी घेतली आणि एकूण एक पुस्तक कापून काढलं. बोटांना फोड आले, तरी थांबली नाही.

ते घरी आले तसं तिनं त्यांना कपाटासमोर बसवलं. त्यांनी डाव्या हातानं एक पुस्तक उघडलं. मग दुसरं, तिसरं.

“सगळी कापलीस?”

“सगळी! आता नुसतं वाचायचं.”

“आता माझ्यासाठी कुणीच थांबलेलं नाही गं,” ते म्हणाले आणि लहान पोरासारखे रडले.

अनीसाच्या काळजात चर्र झालं. काय करून बसले मी! तिनं घर पालथं घातलं. कपाटाच्या मोडक्या पायाखाली टेकू म्हणून घातलेलं एक सापडलं. चेपलेलं, मळलेलं, पण कडा शाबूत. उस्तादांनी ते छातीशी धरलं. नावसुद्धा बघितलं नाही.

हिवाळ्यात ते गेले. बाजारातला पुस्तकवाला येऊन सगळी पुस्तकं घेऊन गेला. जाताना त्यानं अनीसाच्या मांडीवरच्या पुस्तकाकडे बोट केलं.

“तेही द्या ना मावशी. तुम्हाला कुठं वाचता येतं?”

“नाही येत रे बाबा,” ती म्हणाली. “पण माझी वाट बघायला आता घरात दुसरं आहे कोण?”