विझलेले चार दिवे

मित्रांनो, मारुंजीत टेम्पो उभे राहतात तिथे बॅटरी दुरुस्तीचे एक दुकान आहे. त्याच्या मागच्या भिंतीला टेकलेली, एका कडेला जळलेली लाकडी फळी म्हणजे मी. माझ्यावर गाडीच्या हेडलाइटचे चार बल्ब आहेत. मला पाहून लोक हसत. दिसायला मी होतेच तशी.

मला घडवले समीनाने. तिचा नवरा साबीर विजेच्या स्कूटरच्या बिघडलेल्या बॅटऱ्या उघडून दुरुस्त करी. भरलेली बॅटरी कापणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून तिने भंगारातले चार बल्ब माझ्यावर एकामागे एक जोडले, मध्ये फ्यूज घातला आणि दोन वायरी बाहेर काढल्या. बॅटरी जोडली की दिवे लखलखत, मग तांबूस होत आणि चार-पाच तासांनी विझत. तोवर बॅटरीतली वीज निघून गेलेली असे.

"दिवं इजलं म्हून लगेच कटर उचलू नका," समीना साबीरला बजावायची. "आदी मीटर लावून आत किती वीज ऱ्हायलीय ती बगा."

"व्हय मास्तरीणबाई, व्हय," तो हसून म्हणायचा.

तीन वर्षे माझे दिवे कधी चुकले नाहीत. तिथेच घात झाला. समीना दुकानात असली तरच मीटर खुंटीवरून खाली येऊ लागला. माझ्यावर पक्कड आदळत, चहाचे ग्लास ठेवत. फडके मात्र कोणी फिरवले नाही.

गेल्या मार्चमधली दुपार. समीना मीटर घेऊन नांद्याला एका सोसायटीत इन्व्हर्टर बघायला गेली होती. हिंजवडीत नोकरी करणारा दिग्विजय नावाचा ग्राहक घाईत होता. साबीरने त्याची बॅटरी मला जोडली. अर्ध्या तासात चारही दिवे गेले.

"एवढ्यात संपली?" दिग्विजयने विचारले.

"जुनी हाय. काय ऱ्हायलं आसंल तिच्यात?"

खूप राहिले होते, मित्रांनो. माझ्या तिसऱ्या बल्बची तार तुटली होती, आणि एक गेला की चारही जातात. मला ओरडता आले असते तर! साबीरने कटर लावला. ठिणगी उडाली, पांढरा धूर कोंडला आणि भडका झाला. दिग्विजयने त्याला मागे ओढले म्हणून जीव वाचला. हात वाचले नाहीत. उजव्या हाताची तीन बोटे कापावी लागली, डावा पंजा आखडला.

दोन महिन्यांनी समीनाने दुकान उघडले. तिने माझा एकेक बल्ब काढून तपासला. तिसरा उजेडात धरून तिने त्याची तुटलेली तार पाहिली. आता ही मला चुलीत घालणार, असे मला वाटले. माझी लायकी तीच होती. पण तिने मला पुसले, नवा बल्ब लावला आणि मीटर माझ्यावरच कायमचा ठोकला.

मित्रांनो, आम्हा वस्तूंवर विश्वास जरूर ठेवा, पण आम्हाला तपासतही जा. आम्हीही थकतो, आणि ते आम्हाला सांगता येत नाही.

आता बॅटऱ्या समीना उघडते. साबीर शेजारी स्टुलावर बसून आकडा वाचतो. दिवे विझले, तिने कटर उचलला, की तो आपला आखडलेला पंजा तिच्या मनगटावर ठेवतो.

"शून्य," तो म्हणतो.

"पुन्यांदा वाचा."

तो पुन्हा वाचतो. मगच हात उचलतो.