लालबागमधलं शेत

दौलत घाडींच्या लालबागच्या खोलीत तो कॉम्प्युटर बारा वर्षं ठाण मांडून बसला होता. त्यांच्या लेकीने, दर्शनाने, पहिल्या नोकरीच्या पगारातून लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग आणून जोडलेला, खास गेमिंगचा. काय त्याचा थाट! चालू केला की पोटात निळे-लाल दिवे लागायचे आणि मजल्यावरची पोरं दारात चपला टाकून आत घुसायची. आई करवादायची, "मखर मांडलंय नुसतं! आता आरतीपण करा." काय दिवस होते ते! आता त्यातलं एक पोरगं चाळीत उरलं असेल तर शपथ.

कॉम्प्युटरचंही वय झालं. जुन्या विंडोजची मुदत संपली, आणि नवी विंडोज एवढ्या जुन्या मशीनला दारात उभं करेना. म्हणून रविवारी दर्शना माटुंग्याहून माहेरी आली ती पेनड्राइव्हवर तीन फुकटातल्या लिनक्स सिस्टिम घेऊनच. एक निवडायची, जुनं सगळं पुसायचं, तासाभरात काम फत्ते.

"फोटो काढून घेतलेत बाबा. बाकी सगळं पुसते."

गिरणी बंद पडली तेव्हाही ज्या माणसाने आवाज चढवला नव्हता, तो पेपर टाकून ताडकन उठला. "आणि शेत? शेत खंय जातला?"

"कसलं शेत?"

दौलतरावांनी चष्मा चढवला, माउस धरला आणि स्क्रीनवरचं एक चित्र दाबलं. दर्शना बघतच राहिली. अरे, हा तर तिचाच शेतीचा गेम! लग्नाच्या आदल्या आठवड्यापर्यंत खेळलेली, मग विसरली ती विसरलीच. वर पाटी होती, 'दर्शनाचं शेत'. खाली गेममधलं वर्ष लिहिलेलं, साल चौसष्ट.

"बाबा, हे तू खेळतोस?"

"तू लग्न होऊन गेलंस. मगे शेत कोणी बघूचा? ओसाड टाकूचा?"

आतून आई म्हणाली, "नऊ वर्षं रोज सकाळी चहा घेऊन बसतो. गावची जमीन पडीक आहे, ती नाही दिसत. इथे पाणी घालायला बरा उठतो!"

दर्शनाने आधी शेत पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. मग काहीही न पुसता एकेक सिस्टिम पेनड्राइव्हवरूनच नुसती चालवून बघितली. पहिली दिसायला लाख, पण गेम उघडेचना. दुसरीत उघडला, तो पाच मिनिटांत मान टाकून मोकळा. दौलतरावांचा चेहरा पडला.

"रवांदे गो," ते म्हणाले. "तुका बरी वाटात ती घाल. मी आपलो पेपर वाचीन."

नऊ वर्षांत दर्शनाने या खोक्यावरची धूळ कधी पुसली नव्हती, आणि आज आली ती बापाचं शेत पुसायला!

"गप बस रे तू," ती डाफरली आणि तिसरी सिस्टिम लावली. रूपाने यथातथाच होती ती. पण गेम उघडला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, बंद पडला नाही. दौलतराव पुढे वाकून बोटाने एकेक वाफा तपासत होते. "आसा... आसा... सगळा आसा गो!"

सगळं शेत कापून स्वच्छ होतं, फक्त एका कोपऱ्यात पिकलेले चार भोपळे तसेच होते.

"हे का नाही काढलेस?"

"ते राखणदाराचे. गावाक शेत राखणाऱ्या देवाक वाटो ठेवतंव नाय आपण?"

"बाबा, गेममध्ये कसला आलाय राखणदार!"

"नाय कसो?" दौलतराव चिडलेच. "मगे इतकी वर्सा तुझा शेत राखल्यान कोणी?"

दर्शनाला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून वाहायला लागले. ओढणीने नाक पुसत तिने तीच सिस्टिम कायमची घातली आणि पेनड्राइव्हवरचं शेत पुन्हा त्यात आणलं. मग खुर्ची ओढून बापाला खेटून बसली.

"सरक जरा," ती म्हणाली. "पाणी कसं घालायचं, दाखव मला."