घोड्याचं मलम

माझ्या थोरल्या दिरांना सगळे कॅप्टन म्हणतात. ते कशाचे कॅप्टन होते हे कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर भाऊजी डोळे बारीक करून दूर कुठेतरी बघतात. आधी त्यांनी व्यायामशाळा काढली, ती बुडाली. मग वक्तृत्वाचे वर्ग काढले, ते बुडाले. मग कुठल्याशा बंद पडलेल्या सर्कशीतून पाच घोडी आणली, उंच बूट घेतले आणि मुलांसाठी उन्हाळी घोडेस्वारी शिबिर सुरू केलं. ते मात्र चाललं. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढ्याच भांडवलावर.

मी तिथे चादरी घालायचे, मुलांच्या वेण्या घालायचे, अंथरुणं ओली झाली तर कुणाला कळू न देता वाळवायचे. आमचे हे गाडी चालवायचे आणि ‘हो दादा’ म्हणायचे. दुसरं काम त्यांना दिलेलं नव्हतं, आणि हे काम ते लहानपणापासून करत आले होते.

घोड्यांमध्ये एक मखमल नावाची घोडी होती. नाव मखमल आणि अंग गोणपाटासारखं. स्वभावानं गरीब; पण उंच, आणि एका डोळ्यानं अधू. त्या बाजूनं काही हललं की बुजायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं, भाऊजींनासुद्धा.

त्या वर्षी एक लहानखुरी मुलगी आली होती. इतकी लहान की टोप तिच्या नाकावर यायचा. पोरांनी तिला बटण नाव पाडलं आणि तिनंही ते मुकाट्यानं घेतलं. तिला घोड्यावर बसण्यापेक्षा घोड्यापाशी उभं राहायला आवडायचं. रोज सकाळी जाऊन मखमलच्या नाकपुडीवर हात ठेवायची आणि मला येऊन सांगायची, “मावशी, आज गरम आहे.”

समारोप जवळ आला तसं भाऊजींना जाहिरातीसाठी चित्रफीत हवी झाली. त्यांनी बटणला मखमलवर बसवलं. “लगाम सोड आणि हात पसर. विमान कर विमान!” जाऊबाई फोन धरून शूटिंग करत होत्या. नीट दिसेना म्हणून त्या पळत पुढे आल्या, आणि तेही अधू डोळ्याच्या बाजूनं. घोडी दचकली, बाजूला झाली, आणि विमान खाली आलं.

पोरगी रडली नाही. मनगट पोटाशी धरून बसून राहिली.

“शाब्बास!” भाऊजी ओरडले. “पडल्याशिवाय स्वार होत नाही कुणी!” भाऊजी स्वतः कधी पडले नव्हते, कारण घोडं चालत असताना त्यावर बसल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. ते उभ्या घोड्यावर बसून फोटो काढायचे.

मनगट सुजलं. भाऊजींनी तबेल्यातून घोड्यांच्या पायाला लावायचं काळं मलम आणलं, तिच्या हाताला चोपडलं आणि घोड्यांचीच पट्टी गुंडाळली.

“डॉक्टरकडे न्यायला हवं,” मी म्हणाले.

“मुरगळलंय फक्त. आईबाप समारोपाला येतातच आहेत. उगीच गाजावाजा कशाला?”

मी यांच्याकडे बघितलं. हे गाडीच्या टायरकडे बघायला लागले. “दादा म्हणतोय तर...” एवढं बोलून त्यांनी टायरला लाथ मारली, जणू त्याच्यात हवा आहे का हा त्या घटकेचा सगळ्यात मोठा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटणला बोटं हलवता येईनात. मी यांच्या खिशातून गाडीची किल्ली काढली. हे दात घासत होते. तोंडात फेस होता म्हणून बोलता आलं नाही, असं नंतर म्हणाले. चाऱ्याच्या पेंढ्या मागे तशाच ठेवून मी तिला घेऊन निघाले. वाटेभर ती विचारत होती, “मखमलला मारलं का हो त्यांनी?”

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली आणि वास घेतला. “हे काय आहे?”

“घोड्याचं मलम.”

“कधी पडली?”

“काल.”

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, ज्या नजरेनं मी इतकी वर्षं भाऊजींकडे बघत आले होते. हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं. तिथूनच मी तिच्या आईला फोन लावला.

“रडतेय का?” आईनं विचारलं.

“नाही.”

“मग ठीक आहे. आम्ही उद्या येतोच आहोत. तिचे बाबा सध्या फार गडबडीत आहेत.”

बटण माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिला सांगितलं, “आई उद्या येतेय.” त्याहून चांगलं असं त्या बोलण्यात काही सापडेना.

समारोपाला सगळ्या मुलांचे आईबाप आले. गॉगल लावलेले, खुर्च्यांवर फुंकर मारून बसणारे. शेणाचा वास येतो म्हणून एका बाईंनी नाकाला रुमाल लावला होता. घोड्याच्या शिबिरात दुसरा कसला वास येणार होता देव जाणे. भाऊजींनी माइक घेतला आणि बटणचं मोडलेलं हाडसुद्धा आपल्या खात्यावर जमा केलं. “पडूनही न रडलेली आमची शूर कन्या! आजचं शौर्यपदक तिला! ती पदक घेईल घोड्यावर बसून!”

टाळ्या पडल्या. बटणचे बाबा उभे राहून चारी बाजूंना हसून बघत होते. लेकीकडे आले आणि म्हणाले, “डाव्या बाजूनं बस हं, प्लास्टर फोटोत यायला हवं.”

बटणनं माझा पदर धरला. “मावशी, मला बसायचं नाही.”

“ती बसणार नाही,” मी म्हणाले.

“तुम्ही कोण?” बाबांनी विचारलं.

“मी चादरी घालते.”

“मग चादरी घाला ना.”

भाऊजी माइक छातीशी दाबून माझ्या अंगावर आले. “तू मध्ये पडू नकोस. घरी बघू.”

छातीशी दाबला तरी माइक चालूच होता. तो मी ओढून घेतला. मला भाषण येत नाही. मी एवढंच सांगितलं की ही मुलगी लगाम सोडायला लावल्यामुळे पडली, हाड मोडलं होतं, तरी त्या दिवशी दवाखान्यात नेलं नाही, घोड्याचं मलम लावलं आणि तुम्हाला कळवू नका असं सांगितलं.

मला वाटलं, आता कुणीतरी भाऊजींची गचांडी धरेल. मग तिसऱ्या रांगेतून रुमालवाल्या बाईंनी विचारलं, “पण प्रमाणपत्रं आजच मिळणार ना?”

खरं सांगते, त्या क्षणी भाऊजी मला बरे वाटले. त्यांना निदान आपण खोटं बोलतोय हे माहीत होतं.

हललं ते फक्त एक माणूस. बटणची आई. ती उठून आली, लेकीच्या प्लास्टरबाहेरच्या बोटांना हात लावला. बोटांच्या पेरांत काळं मलम अजून बसलेलं होतं. तिनं ते नखानं थोडं खरवडलं, वास घेतला, आणि पोरीला कडेवर घेतलं. एवढी मोठी पोरगी कडेवर मावत नव्हती, पाय लोंबत होते. तशीच ती फाटकाकडे चालू लागली.

“अगं, पदक राहिलं!” बाबा मागून ओरडले.

ती थांबली नाही. मग बाबाच पदक घेऊन मागे पळाले.

बाकीचा कार्यक्रम व्यवस्थित पार पडला. मी खोलीत जाऊन माझे कपडे भरले. जाऊबाई दारात येऊन म्हणाल्या, “घरातली धुणी चव्हाट्यावर धुतलीस.”

“धुवायचं कामच मला दिलं होतं तुम्ही,” मी म्हणाले.

फाटकाबाहेर आले तेव्हा हे मागून पिशवी घेऊन धावत आले. मला जरा बरं वाटलं. जवळ आल्यावर म्हणाले, “दादा म्हणाला, हिला स्टँडपर्यंत सोडून ये. गाडी नको नेऊस, चालतच जा.”

“आणि मग?”

“मग परत ये म्हणाला.”

मी त्यांच्या हातातून पिशवी घेतली. “चिडलीस का?” त्यांनी विचारलं. मी चिडले नव्हते. चिडायला समोर कुणीतरी असावं लागतं. मी म्हणाले, “जा, उशीर होईल तुम्हाला,” आणि ते खरंच गेले.

आता मी त्याच दवाखान्यात चादरी घालते. डॉक्टरीणबाईंनीच कामाला लावलं. अजून फारसं बोलत नाहीत माझ्याशी. भाऊजींचं शिबिर पुढच्या उन्हाळ्यातही भरलं, मुलं आधीपेक्षा जास्त आली म्हणे. हे मधूनमधून येतात, बाकावर बसून चहा घेतात. परवा सांगत होते, दादा आता मुलांना पोहायला शिकवणार आहे.

“त्यांना पोहता येतं?” मी विचारलं.

हे चहाच्या कपात बघत राहिले.